माळ्यावरचे टायर

गल्लीच्या तोंडाशी, जिथं सर्व्हिस रोड वळून हायवेखालच्या बोगद्यात शिरतो, तिथं पोळ्याच्या दिवशी सकाळी भूषणची गाडी सरकली. फार नाही, हातभर. पण सरकण्याच्या आधी, डोळ्यांना काही दिसायच्या आधी, स्टिअरिंग हातात हलकं झालं आणि ते हलकं होणं त्याच्या बोटांना कळलं. निदान त्याला तसं वाटलं. समोरून सिमेंटचा ट्रक येत होता. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला, खिडकीतून डोकं काढून ‘चूसी नडपरा!’, बघून चालव रे, म्हणून तेलुगूत ओरडला. भूषणनं स्टिअरिंग थोडं उलट दिलं, ॲक्सिलरेटरवरचा पाय न दचकता तसाच ठेवला. गाडी झुलली, सावरली, सरळ झाली. ट्रक निघून गेला. बोगद्यापलीकडच्या उन्हात आल्यावर भूषणच्या लक्षात आलं की आपण हसतोय. कानशिलं तापलीत, आणि भर रस्त्यात एकटेच दात काढून हसतोय.

शहाण्या माणसानं गाडी बाजूला घेऊन चाकं बघितली असती. त्यातून भूषण टायरवाला. आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्यात हायवेला लागून त्याचं दुकान. हैदराबादहून नागपूरला जाणारे, नागपूरहून हैदराबादला जाणारे, सगळ्यांना तो दिवसभर एकच गोष्ट विकायचा, ती म्हणजे पकड. ‘पावसात सुटणार नाही साहेब, रोडला चिकटून बसेल,’ हे वाक्य तो मराठी, हिंदी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत झोपेत बोलू शकत होता. अशा माणसाची स्वतःची गाडी कोरड्या रस्त्यावर सरकते म्हणजे हलवायाच्या घरी उपास. पण त्यानं गाडी थांबवली नाही. थांबलो तर कारण सापडेल, आणि कारण सापडलं की हे जे छातीत उड्या मारतंय ते मरून जाईल, अशी त्याला भीती वाटली. सहा महिन्यांनी गाडी बोलली होती. काय बोलली ते नंतर बघू.

गाडी दोन माणसांची. फायबरचं अंग, कापडी टप, जमिनीला टेकलेलं पोट. वीस-बावीस वर्षांपूर्वी कुठल्याशा छोट्या कारखान्यात अशा थोड्या गाड्या निघाल्या आणि मग कारखान्याचं मन उडालं असावं. भूषणनं ती नागपूरच्या एका दंतवैद्याकडून जुनी घेतली तेव्हा त्याचं नवीन लग्न झालेलं होतं. गावानं तिचं नाव ठेवलं बेडकी. तिचा रंग लाल होता, आता तो जुन्या कौलासारखा झाला होता. दिसायला स्पोर्ट्स कार, पण जोर बेताचा. चढावर तांदळाची पोती भरलेला टेम्पोसुद्धा तिला मागं टाकायचा आणि वर हॉर्न वाजवून चिडवायचा. टायर तर इतके अरुंद की गिऱ्हाइकं विचारायची, ‘शेट, सायकलचे टाकले का?’ पण केरामेरीच्या घाटात, सागाच्या सावलीत, चाळिसाच्या वेगानं वळणावर गेलं की त्या अरुंद टायरांना रस्ता जेमतेम पेलायचा. ते कुरकुरायचे. स्टिअरिंगमधून बारीक थरथर यायची: पकड आता आहे, आता आहे, आता थोडी सुटतेय, बघ. मग हात आणि पाय आणि पाठ मिळून तिला आवरून घ्यायचे. तेवढ्या एका क्षणात भूषणला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. दुकानात वाटायचं नाही, लग्नाकार्यात वाटायचं नाही, तिथं वाटायचं. चाळिसाचा वेग! पोरंसोरं मोटारसायकलवर याच्यापेक्षा जोरात जातात. पण हे सांगायचं कुणाला.

मग सहा महिन्यांपूर्वी ती माणसं आली. हैदराबादहून सात-आठ जुन्या परदेशी स्पोर्ट्स कार घेऊन निघालेली हौशी मंडळी. एकीचं चाक पंक्चर झालं म्हणून सगळी वरात भूषणच्या दुकानापुढं थांबली. पंक्चर झालेली राखाडी गाडी होती प्रियदर्शनी नावाच्या एका बाईची. पन्नाशीच्या आतबाहेरची, केस कापलेले, हातात काळे हातमोजे. तिची नजर शेडमधल्या बेडकीवर गेली आणि ती लहान मुलीसारखी खूश झाली. ‘चला के देखूँ?’ म्हणाली. जाऊन आली. मग तिनं भूषणला आपल्या गाडीत बसवलं आणि निर्मलच्या बाजूला जुन्या घाटापर्यंत नेऊन आणलं. शंभराच्या वर वेगानं ती गाडी वळणात शिरायची आणि काहीच व्हायचं नाही. भूषणची मान तेवढी एका अंगाला जायची. टायर असे रुंद की रस्ता जणू त्यांच्या बापजाद्यांचा. परत आल्यावर बाईनं हातमोजे काढत म्हटलं, ‘भाईसाब, आपकी गाड़ी धीमी है। पर बात करती है। मेरी वाली बस पकड़ती है।’ दोन चांगली वाक्यं आणि एक वाईट. माणसाची जात कशी बघा, भूषणच्या कानात एकच राहिलं. धीमी है. रात्री जेवताना धीमी है, सकाळी शटर उचलताना धीमी है. आठ दिवसांत त्यानं बेडकीला रुंद, मऊ रबराचे, चिकट टायर चढवले, स्प्रिंगा बदलून अंग ताठ केलं, अरुंद टायर दुकानाच्या माळ्यावर टाकले आणि केरामेरीला गेला. ज्या वळणावर चाळीस म्हणजे डोक्यावरून पाणी, तिथं गाडी साठानं गेली. जणू काही वळण नव्हतंच. दुसरं, तिसरं, सगळा घाट तसाच. वर पोचल्यावर त्यानं इंजिन बंद केलं आणि दगडावर बसून पाणी प्यायला. मला काहीच का वाटलं नाही, हा प्रश्न त्याला तिथं पहिल्यांदा पडला.

आता यावर तोड सोपी होती. टायरवाल्याला टायर बदलायला किती वेळ! माळ्यावरून चार उतरवायचे, अर्ध्या तासात चढवायचे, जुन्या स्प्रिंगाही कोपऱ्यात पडल्या होत्या. लखन, त्याचा जुना फिटर, दोनदा म्हणाला होता, ‘भाऊ, मन लागून नाही राह्यलं त काढून टाकू ना.’ भूषण म्हणाला, बघू. आणि सहा महिने बघतच राहिला. कारण मधे आणखी एक गोष्ट घडली होती, जी त्यानं लखनलाच काय, बायकोला, नीलिमालाही सांगितली नव्हती. त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या. आधी रात्री, मग केव्हाही. साखर होतीच. आदिलाबादच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि एक नायलॉनचा दोरा बोटांच्या टोकांना लावत विचारलं, ‘आता कळतं? आता?’ भूषणला काही कळत नव्हतं. पण दोरा लागताना त्याचा हात धरून ठेवणाऱ्या नर्सच्या बांगड्या किणकिणायच्या आणि तो ‘हो’ म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण सांभाळा. परीक्षेत कॉपी करून पास झालेल्या पोरासारखा तो बाहेर पडला. त्याच महिन्यात त्यानं एका ट्रकच्या पुढच्या टायरवरून नेहमीसारखा तळवा फिरवला, आत-बाहेर, आत-बाहेर. चाकांची चाल तिरपी असली की रबराला एका बाजूनं धार येते आणि ती हाताला कळते. त्यानं सांगितलं, चाल सरळ आहे. ट्रक तक्रार घेऊन परत आला. लखननं नुसता हात लावला आणि पान्हा उचलला.

तेव्हापासून माळ्यावरचे टायर खाली आणायचं धाडस होईना. आज गाडी मुकी आहे तर त्याचा दोष रुंद टायरांवर ढकलता येत होता. उद्या अरुंद टायर चढवले, घाटात नेली, आणि तरीही ती मुकीच निघाली तर? मग दोष कुणाचा? म्हणून ते चार टायर माळ्यावर तसेच धूळ खात राहिले, आणि दुकानात बसलं की भूषणला डोक्यावर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. मान वर करायचा नाही.

आणि आज गल्लीच्या तोंडाशी बोटांना कळलं होतं! उटनूरच्या रस्त्याला लागेपर्यंत तो हे पुन्हापुन्हा मनात चाखत राहिला. हलकं झालं, मग सरकलं. आधी हलकं, मग सरकलं. हा क्रम महत्त्वाचा. चार दिवस पावसानं उघाड दिली होती, दोन्ही बाजूंना कपाशी कमरेला लागायला आली होती, मधूनमधून बैल धुवायला नाल्याकडं निघालेली माणसं दिसत होती. कुणाच्या शिंगांना रंग झालेला, कुणाच्या व्हायचा. गावोगावी आता ट्रॅक्टर जास्त, पण पोळ्याला बैल कुठून निघायचे कोण जाणे. नीलिमा चार दिवसांपूर्वी बसनं माहेरी, वांकिडीला गेली होती. भावाच्या घरचा पोळा करून संध्याकाळच्या आत तिला परत आणायचं होतं. घरी बाबा एकटे. पांडुरंगरावांना ऐंशी झाली होती आणि अलीकडे ते सकाळचं सकाळी विसरत, पण चाळीस वर्षांपूर्वीचं कुठल्या शंकरपटात कुणाची बैलजोडी फुटली ते सांगत. एका वळणावर भूषणनं मुद्दाम गाडी आत ओढली. काही नाही. स्टिअरिंग टेबलाच्या कडेसारखं हातात. दुसऱ्या वळणावर जास्त ओढली. काही नाही. मग सकाळी काय झालं होतं?

पांडुरंगराव शंकरपटाचे धुरकरी, म्हणजे शर्यतीत जोडी हाकणारे. दोन बैल, हलकी छकडी, सरळ धाव आणि घड्याळ, असा तो खेळ. त्यांची जोडी पाखऱ्या आणि कोशा. फार पहिली यायची नाही. काठीची आर टोचून, शेपट्या पिरगाळून पळवणारे पुढं जायचे. पांडुरंगराव बैलांना काही करायचे नाहीत, नुसते कासरा धरून उभे राहायचे आणि बैल त्यांच्या हाताला विचारून पळायचे. लोक म्हणायचे, पांडुरंगाले जिंकाचं नाही, खेळाचं हाय. भूषण लहान असताना सरावाला ते त्याला पुढं उभा करायचे, त्याच्या मुठीत कासरा, मुठीवर त्यांचा हात, आणि धावता धावता विचारायचे, ‘काय म्हन्ते?’ आधी त्याला काही कळायचं नाही. मग एक दिवस दोरातून आलं. उजव्या अंगाचा पाखऱ्या थकला होता, अजून दिसत नव्हतं, पण दोर किंचित सैल आला होता. ‘पाखऱ्या दमला बाबा!’ तो ओरडला. बाबांनी तिथल्या तिथं जोडी आवरली आणि त्याला खाली उतरवून, बैलांच्या आधी, त्याचे हात चोळले. असं कौतुक मग कधी कुणी केलं नाही. शाळेनं तर नाहीच.

जैनूर मागं पडलं. केरामेरीचा घाट लागला तसा भूषण सीटवर सरसावून बसला. आज काय ते ठरवायचंच. पहिलं वळण साठानं, दुसरं पासष्टानं. टायर चिकटून. इतके चिकट की त्याला त्यांचा राग आला. अरे बोला की! बोटं स्टिअरिंगवर घट्ट आवळली की मुंग्या यायच्या, सैल सोडली की काहीच यायचं नाही. दरीच्या अंगाच्या लांब वळणावर त्यानं सत्तरला हात घातला आणि अर्ध्या वळणात गाडी एकदम सुटली. हलकी वगैरे झाली नाही. आता आहे, आता नाही, अशी. मागचा भाग पुढं येऊ लागला, सागाचे बुंधे समोरून आडवे धावले, काय केलं ते त्याला कळलं नाही. गाडी उलट तोंड करून आतल्या अंगाच्या चरात एक चाक घालून थांबली. इंजिन बंद पडलं. रातकिडे दिवसाढवळ्या ओरडत होते. बोटांना काही कळलं नव्हतं. कळलं ते पोटाला, आणि तेही उशिरा. रुंद टायर असेच असतात, त्यानं स्वतःला समजावलं, शेवटपर्यंत धरतात आणि सुटताना सांगत नाहीत, हे तर मीच गिऱ्हाइकांना सांगतो. पण सांगितलंच असेल आणि मला ऐकू आलं नसेल तर? वरून एक बैल घेऊन येणारा गोंड म्हातारा थांबला, गाडीकडं बघितलं, दरीकडं बघितलं आणि चाक चरातून काढायला खांदा लावला. बैल शांत उभा होता. त्याच्या मानेवर हळदीचे पिवळे पट्टे होते.

वांकिडीला अमरच्या अंगणात गाडी लावली तेव्हा पुरणाचा वास सुटला होता. अमर, नीलिमाचा धाकटा भाऊ, हाताला बैलांच्या शिंगांचा हिरवा रंग लागलेला, गाडीकडं आला आणि चाकापाशी उकिडवा बसला.

‘भाऊजी, हे काय लावलं हो चाकाले? पिवळं पिवळं.’

भूषण वाकला. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, मडगार्डच्या आतल्या कडेला, पिवळसर चिकट थर उरला होता. वर धूळ बसलेली. अमरनं बोट लावून हुंगलं आणि तोंडाकडं बघत राहिला.

‘लोणी हाय! हळद अन् लोणी!’

आतून नीलिमा पदराला हात पुसत आली. बघितलं आणि कपाळावर हात मारला. ‘काल दिवेलागणीले मामाजीचा फोन होता मले. लोणी कोठी ठेवलं म्हने. मी म्हटलं फ्रीजमधी. म्हटलं खात असतीन भाकरीसंग.’ आणि मग सासऱ्यांची करामत ध्यानात येऊन तिला हसू आवरेना. ‘अवो, खांदशेकणी केली त्यायनं! गाडीची!’

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळतात, जुवानं घट्टे पडलेली जागा मऊ करतात, आणि कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पांडुरंगरावांकडं आता बैल नव्हते. शेवटची जोडी विकून ते मुलाकडं इचोड्याला आले त्याला तीन वर्षं झाली होती. दोन पोळे त्यांनी गप्प बसून काढले. तिसऱ्याला त्यांची नजर अंगणातल्या बेडकीवर गेली. तिचा भार कशावर येतो? चाकांवर. म्हणजे खांदा तोच. अमर हसून हसून खाली बसला, त्याची बायको, शेजारपाजार सगळे जमले, ‘जवाईबापूच्या गाडीले कानात आवतन देल्लं का नाही?’ म्हणून थट्टा झाली. भूषणही हसला. हसताना त्याच्या आत काहीतरी घसरत घसरत तळाला गेलं. गाडी बोलली नव्हती तर. लोण्यावरून घसरली होती. पाटावर सांडलेल्या वरणात कुणाचाही पाय सरकतो, त्याला बोलणं म्हणत नाहीत. आणि बोटांना कळलं होतं का? ट्रक दिसला होता, हॉर्न वाजला होता, त्याला नर्सच्या बांगड्या आठवल्या. त्यानं पुरणपोळी ताटात बाजूला सारली. ‘साखर हाय ना त्यायले, आग्रह नोका करू,’ नीलिमा म्हणाली, पण त्याच्याकडं बघत राहिली.

परतीला तो तिसानं चालवत होता. घाटात नीलिमानं चरापर्यंत गेलेली टायरची काळी खूण बघितली, मग त्याच्या हातांकडं. मग म्हणाली, ‘तुमाले काय झालं हाय?’ ‘काई नाही.’ ‘सहा महिने झाले. शर्टाच्या गुंड्या मी लावून राह्यली तुमच्या. मले काय कळत नसन?’ भूषणला एकदम लाज वाटली, आणि रागही आला, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळं व्हावंसंही वाटलं; पण गाडी चालवत होता, त्यामुळे यातलं काहीच करावं लागलं नाही. गाडी चालवण्याचा हा एक फायदा असतो.

घरी पोचले तेव्हा अजून ऊन होतं. पांडुरंगराव ओट्यावर बसून गाडीची वाटच पाहत होते. भूषण त्यांच्यासमोर उभा राहिला. रागवायचं ठरवून आला होता.

‘बाबा, चाकाले लोणी लावत असते का? ट्रकखाली गेलो असतो मी.’

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. ‘सरकली?’

‘सरकन नाही त काय करन!’

‘चुकलं बापा.’ ते हातांकडं बघत राहिले. नखांत अजून हळद होती. मग पुटपुटल्यासारखे म्हणाले, ‘ताठ झाली होती ना थे. लय ताठ. मांगच्या मयन्यात दवाखान्यात नेलं तू मले, तवा माह्या पाठीले समजलं. आंधी कशी मऊ होती, सांगत जाय सगळं, गड्डा आला, वळन आलं. आता काईच सांगत नाही. म्हटलं खांदे आखडले असतीन.’

भूषण ओट्याच्या पायरीवर बसला. नीलिमानं दोघांपुढं पाणी आणून ठेवलं. बाबांना कळलं होतं. शेजारी बसून, पाठीनं. म्हणजे गाडी खरंच मुकी झाली होती, दोष रुंद टायरांचा होता, त्याचा एकट्याचा नव्हता! त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की त्यानं बाबांच्या पिवळ्या नखांचा हात धरून उगाच दाबला. सुटलो. रात्री त्याला झोप चांगली लागली, आणि पहाटे जाग आली ती त्याच जुन्या भीतीनं. दोष टायरांचा होता, हे कळलं. एकट्या टायरांचाच होता, हे कुठं कळलं होतं?

पोळ्याची कर, सणाचा दुसरा दिवस. बाजार बंद, हायवेवर तेवढे ट्रक. भूषणनं लखनला बोलावलं नाही. एकट्यानं शिडी लावली, माळ्यावर चढला आणि चारही टायर खाली टाकले. आवाज झाला तसा शेजारचा कुत्रा भुंकला. जुन्या स्प्रिंगा बसवल्या, टायर चढवले, हवा भरली. नट घट्ट करताना बोटांतून पान्हा दोनदा निसटला. उन्हं वर आली तेव्हा बेडकी पुन्हा पूर्वीसारखी दिसत होती, बारीक पायांची, थोडी हास्यास्पद. त्यानं घरी जाऊन बाबांना शेजारी बसवलं. चौपदरी रस्ता झाल्यावर जुन्या हायवेचे काही तुकडे बाजूला तसेच राहिलेत, नेरडीगोंड्याकडं जाताना एक चांगला वळणावळणाचा आहे, तिथं आता शेळ्यांशिवाय कुणी येत नाही. टप खाली केला होता. पांडुरंगरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पहिलं वळण चाळिसानं. टायर कुरकुरले, ते कानाला ऐकू आलं. भूषणनं बोटं सैल सोडली, जीव सगळा तिथं नेऊन ठेवला, दहा बोटांच्या टोकांवर. आता येईल. दुसरं वळण. गाडी कलली, पाठीला ते कळलं, मानेला कळलं. हातांत काही नव्हतं. हात जणू जाड गोधडीत गुंडाळून स्टिअरिंगवर ठेवले होते, कुठंतरी दूर, पलीकडच्या खोलीत कुणीतरी बोलतंय एवढंच. तिसऱ्या वळणात शिरताना शेजारून पांडुरंगराव डोळे मिटून, लहान मुलासारखं हसून म्हणाले, ‘आली रे! बोलून राह्यली!’

आणि त्यांनी आपला सुरकुतलेला हात भूषणच्या मुठीवर ठेवला. बैल विकल्यावर तो हात फक्त काठी धरत होता. ‘काय म्हन्ते?’ त्यांनी विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. चांगली म्हन्ते बाबा. मस्त म्हन्ते. टायरच्या कुरकुरीवरून, बाबांच्या चेहऱ्यावरून, वळणाच्या आकारावरून उत्तर जुळवता आलं असतं, डॉक्टरांचा दोरा लागला तेव्हा जुळवलं होतं तसं. भूषणनं तोंड उघडलं.

‘बाबा, मले काईच कळून नाही राह्यलं. हातच मेले माहे.’

पांडुरंगरावांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा अंगठा भूषणच्या बोटांवरून फिरला, एक एक बोट, टोकापर्यंत, बैलाच्या पायात काटा शोधावा तसा. मग त्यांनी मुठीवरची पकड किंचित आवळली.

‘मंग मी सांगतो,’ ते म्हणाले. ‘तू धरून राहाय फक्त. पाय काढू नोको... आता हलकी होऊन राह्यली. उजव्या अंगानं. होऊ दे, होऊ दे... बस. घे आता.’

भूषणनं घेतली. गाडी झुलली, सावरली, सरळ झाली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शेळ्यांचा एक कळप बाजूच्या चरातून मान वर करून बघत होता. पुढं डावीकडं वळण दिसत होतं, नेहमीपेक्षा थोडं अंधुक.

‘सांगा बाबा,’ तो म्हणाला.